मुलाचं दुखणं कोण तपासतं, हे आधी विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘हाताबाहेर गेलेल्या’ किशोरवयीन मुलांसाठीच्या निवासी केंद्रांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. अमेरिकेत अशी केंद्रं शास्त्रशुद्ध चालतात, तिथे डॉक्टर, समुपदेशक सगळे एका छताखाली असतात, आपल्याकडेही ती निघायला हवीत, असा त्याचा सूर होता. मी मूळची मिरजेची, नर्सिंगही तिथेच शिकले. आता बरीच वर्षं अमेरिकेतल्या युटा राज्यात एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात परिचारिका आहे. या केंद्रांचा धंदा ज्या राज्यांत सर्वाधिक फोफावला, त्यांत युटाचं नाव अगदी वर लागतं. तिथली मुलं फार आजारी पडली की आमच्याकडे येतात. त्यांच्यावरच्या उपचारांबद्दल मला जे दिसतं, ते लेखात कुठेच नव्हतं, म्हणून हे पत्र.

केंद्रातलं मूल आईवडिलांबरोबर येत नाही, कर्मचाऱ्याबरोबर येतं. हा कर्मचारी बहुधा विशी-बाविशीतला असतो, वैद्यकीय शिक्षण नसलेला. त्याच्या हातात एक फाइल असते, तीत पालकांनी दाखल करतानाच सही करून दिलेली संमती, आणि सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत गोळ्या. मी मुलाला विचारते, ‘‘कधीपासून दुखतंय?’’ उत्तर शेजारच्या खुर्चीतून येतं, ‘‘ग्रुपमध्ये बसायचं नसलं की याला दुखतं.’’ मूल माझ्याकडे बघतच नाही, त्या माणसाकडे बघत राहतं. या वयाच्या रुग्णाशी थोडा वेळ एकट्याने बोलायचं ही इथल्या रुग्णालयांतली नेहमीची रीत आहे, म्हणून मी कर्मचाऱ्याला बाहेर बसायला सांगते. काही जण मुकाट्याने जातात. काही जण ‘मुलाला नजरेआड करायचं नाही असा आमचा नियम आहे’ म्हणून वाद घालतात. दार बंद झाल्यावरच मूल बोलायला लागतं.

एक मुलगी आठवते. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. अंगात ताप, पोटाला हात लावू देत नव्हती. आधी बेंबीभोवती दुखायला लागलं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं, मग उलट्या, हे तिने इतकं क्रमाने सांगितलं की नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीनेही अपेंडिक्स ओळखलं असतं. केंद्रात तिने हेच एकामागून एक अनेकांना सांगितलं होतं. पाणी पी, झोप, उद्या बघू, अशी उत्तरं मिळाली होती. फाइलमधल्या रोजच्या नोंदींत एका कर्मचाऱ्याने लिहिलं होतं, ‘लक्ष वेधून घेण्यासाठी तक्रार.’ अपेंडिक्स फुटलेलं निघालं. शस्त्रक्रिया झाली, मुलगी वाचली. आईला फोन लावला तेव्हा मुलगी आजारी आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. मुलाची हेळसांड झाल्याचा संशय आला तर ते सरकारला कळवणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही कळवलं.

हा एका निष्काळजी कर्मचाऱ्याचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिलं नसतं. मूल खोटं बोलतं, या गृहीतावर या केंद्रांची सगळी रचनाच उभी आहे. पालकांना पहिल्याच दिवशी बजावतात, ‘सुरुवातीला तो फोनवर रडेल, जेवण वाईट आहे म्हणेल, मारतात म्हणेल, बरं नाही म्हणेल. घरी जाण्यासाठीची ती युक्ती असते. तुम्ही विरघळलात तर सगळ्यावर पाणी पडेल.’ फोन आठवड्यातून एकदा, तोही बऱ्याच ठिकाणी समुपदेशक कानाशी असताना. मुलांना पायऱ्या लावून दिलेल्या असतात. नीट वागलं की वरची पायरी, मग घरच्यांशी जास्त बोलता येतं, स्वतःचे कपडे घालता येतात. कुरकुर केली की खालची पायरी. पोटदुखीची तक्रार कुरकुरीत धरली की मूल चार दिवसांत गप्प बसायला शिकतं, आणि त्या गप्प बसण्यालाच सुधारणा म्हणतात. लघवीला जळजळ होते हे किती तरी मुली केंद्रात सांगत नाहीत, कारण बाथरूमला जायलासुद्धा परवानगी मागावी लागते आणि वारंवार मागितली की नोंद होते. मग जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि थंडी वाजून ताप आल्यावर त्या आमच्याकडे येतात.

लेखकाला हे अतिशयोक्त वाटत असेल, तर सरकारी कागद बोलतात. अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जीएओ या कार्यालयाने ऑक्टोबर २००७ मध्ये या केंद्रांवर अहवाल दिला. एकट्या २००५ या वर्षात ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचारी छळाच्या घटनांत गुंतल्याचं कळवलं होतं. मृत्यूंची दहा प्रकरणं या अहवालात तपासली आहेत. १९९० मध्ये एक १५ वर्षांची मुलगी अशाच एका शिबिरात, युटा-ॲरिझोना सीमेवरच्या रानात चालता चालता पाण्यावाचून गेली. ती पुन्हा पुन्हा पडत होती आणि सोबतचे लोक तिला सोंग करतेस म्हणत होते. १९९४ मध्ये युटातल्याच एका रानातल्या शिबिरात १६ वर्षांचा मुलगा पोटातला अल्सर फुटून, जंतुसंसर्गाने गेला. तोही नाटक करतो असंच ठरवून टाकलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये याच राज्यातल्या एका निवासी शाळेत १७ वर्षांची मुलगी पोटाच्या आवरणातल्या जंतुसंसर्गाने दगावली. ती कित्येक दिवस दुखतंय म्हणून सांगत होती, असं तिच्या पालकांनी दाव्यात म्हटलं. २०२३ मध्ये राज्याने त्या शाळेचा परवाना नूतनीकरण करायला नकार दिला आणि ती बंद झाली. पहिल्या आणि शेवटच्या मृत्यूत ३२ वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात औषधं बदलली, तपासणीची यंत्रं बदलली. दुखतंय म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय मात्र तशीच राहिली.

मिशिगनमधली २०२० ची घटना मला परिचारिका म्हणून जास्त अस्वस्थ करते. १६ वर्षांच्या एका मुलाने जेवणाच्या वेळी सँडविच फेकलं. त्यावरून अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर पाडून कित्येक मिनिटं दाबून धरलं. तो निपचित पडल्यावरही रुग्णवाहिका लगेच बोलावली नाही. दोन दिवसांनी तो रुग्णालयात वारला. दोन कर्मचाऱ्यांबरोबर तिथल्या परिचारिकेवरही सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. बेशुद्ध मुलाची नाडी बघायची, श्वास बघायचा, मदत बोलवायची, हे आम्हाला अगदी आरंभी शिकवतात. ‘बोलतोय म्हणजे श्वास घेतोय’ असा या केंद्रांतून एक घातक समज आहे. छातीवर, पाठीवर माणसांचं वजन असताना चार शब्द तोंडातून निघू शकतात आणि तरीही फुप्फुसांत पुरेशी हवा जात नसते. मूल लठ्ठ असेल, दम्याचं असेल किंवा झोप आणणाऱ्या गोळ्या घेत असेल तर धोका आणखी वाढतो. मूल हातपाय झाडतं ते हवेसाठी, आणि त्याला विरोध समजून वरचे लोक आणखी जोर लावतात.

आता गोळ्यांबद्दल, कारण लेखात ‘औषधोपचाराची सोय’ हे दोनच शब्द होते. आमच्याकडे येणाऱ्या पिशवीत बहुतेक वेळा मन शांत ठेवणाऱ्या, झोप लावणाऱ्या, नैराश्यावरच्या गोळ्या एकत्र असतात. त्यातली कोणती कशासाठी आहे हे सोबतच्या माणसाला सांगता येत नाही आणि पुष्कळदा मुलालाही माहीत नसतं. काही मुलांना या गोळ्यांची खरीच गरज असते, आणि त्या अचानक बंद करणंही वाईट. पण गोळी देणाऱ्याला तिचे परिणाम कळायला हवेत. लिथियम या मनाच्या आजारावरच्या औषधाचंच बघा. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण चढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, पाय अडखळतात, गुंगी येते. लिथियम घेणाऱ्या मुलाला युटाच्या वाळवंटात पाठीवर ओझं देऊन चालवायचं असेल, तर रक्ततपासणी कधी झाली आणि पाणी किती मिळतं याचा हिशेब कुणाकडे तरी हवा. ज्याला हे माहीत नाही, त्याला एवढंच दिसतं की मुलगा चालायला टाळाटाळ करतोय. काही मानसिक आजारांवरच्या औषधांनी घाम कमी येतो आणि उन्हात अंग तापत जातं. दम्याचा पंप ऑफिसच्या कपाटात कुलपात आणि किल्ली पर्यवेक्षकाकडे, हेही मी ऐकलं आहे. दम्याचा झटका पर्यवेक्षक येईपर्यंत थांबत नाही. जेवण सोडून हडकुळ्या झालेल्या मुलीला ‘ताट संपव, मगच उठ’ म्हणून एकदम भरपूर खायला घालणं हा तर सरळ जिवाशी खेळ आहे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न झपाट्याने गेलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तिचं जेवण वाढवायचं ते रोज रक्त तपासत. तिथे स्वयंपाकी आणि रखवालदार पुरत नाहीत.

आणि मानसोपचार? या केंद्रांचं मूळ रुग्णालयात नाही. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची व्यसनमुक्तीची एक वसाहत निघाली. तिथे सगळ्यांनी गोल बसायचं आणि मधोमध एकाला धरून तो मोडेपर्यंत त्याच्यावर ओरडायचं, हाच उपचार होता. पुढे ती वसाहत बदनाम होऊन बुडाली, पण तिथून बाहेर पडलेल्या माणसाने १९६७ मध्ये मुलांसाठी काढलेल्या शाळेतून आणि तिच्या शाखा-उपशाखांतून ही पद्धत पसरली. आजची माहितीपत्रकं गोड शब्दांत लिहिलेली असतात, तरी मुलांना विचारलं की ‘ग्रुपमध्ये रडल्याशिवाय उठू देत नाहीत’ असं उत्तर अजून मिळतं. ज्या मुलीवर घरातल्याच कुणी अत्याचार केला आहे, तिला अनोळखी वीस जणांसमोर ते बोलायला लावणं याला मी उपचार म्हणणार नाही. दाखल करण्याची पद्धतही तशीच. पालकांनी पैसे मोजून बोलावलेले दोन धिप्पाड अनोळखी लोक पहाटे मुलाच्या खोलीत शिरतात, ‘सोपं करायचं की अवघड?’ विचारतात आणि त्याला गाडीत घालून नेतात. ती मुलं नंतर महिनोन्महिने पहाटेच्या आवाजाने दचकून उठतात. आम्ही ताप बघायला रात्री खोलीत गेलो तरी अंग आक्रसून घेतात.

युटाने २०२१ मध्ये कायदा कडक केला. पॅरिस हिल्टन ही हॉटेल घराण्यातली प्रसिद्ध बाई स्वतः किशोरवयात इथल्या एका केंद्रात राहिलेली. कसल्या ते न सांगता गोळ्या दिल्या, एकांतात कोंडलं, अशी साक्ष तिने विधिमंडळासमोर दिली. आता वर्षातून चार तपासण्या होतात, मुलाला घरच्यांशी आठवड्याला खासगीत बोलू द्यावं लागतं, धरून ठेवण्याची प्रत्येक घटना कळवावी लागते. चांगलं झालं. पण वर लिहिलेला २०२२ चा मृत्यू या कायद्यानंतरचा आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीने चार मोठ्या कंपन्यांच्या केंद्रांवर अहवाल काढला, त्यातही अपुरे उपचार, मारहाण, लैंगिक अत्याचार, कोंडून ठेवणं हेच आढळलं, आणि यातला मोठा पैसा सरकारी तिजोरीतून जातो. डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवर कायदा झाला, पण तो मुख्यतः अभ्यास आणि शिफारशींचा आहे. तपासणीला येणारा अधिकारी महिन्यांनी येतो. मंगळवारी रात्री पोटात दुखतं तेव्हा मुलाजवळ केंद्राचा माणूसच असतो. त्या दुखण्याचा निर्णय केंद्राबाहेरच्या, केंद्राच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरकडे किंवा परिचारिकेकडे जायला हवा, तोही त्याच रात्री. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

निवासी उपचारच नकोत असं मी म्हणत नाही. जीव द्यायला निघालेलं मूल, भास होणारं मूल, व्यसनात बुडालेलं मूल काही काळ दाखल करावंच लागतं. रुग्णालयाला जोडलेली, रात्रपाळीला परिचारिका असलेली, पालकांना कधीही येऊ देणारी चांगली ठिकाणंही मी पाहिली आहेत. पण ज्या मुलांसाठी हा लेख लिहिला होता, म्हणजे शाळा बुडवणारी, उलट बोलणारी, मोबाइल न सोडणारी, चोरून सिगरेट ओढणारी, त्यांना घरापासून तोडायची बहुधा गरजच नसते. संपूर्ण कुटुंबाला बरोबर घेऊन काही महिने चालणारी एक उपचारपद्धत १९७० च्या दशकात याच युटाच्या विद्यापीठात तयार झाली आणि आज कितीतरी देशांत वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये तिची बाजू उचलून धरली आणि धाकदपटशाची शिबिरं उपयोगाची नाहीत, उलट अपाय करू शकतात, असं सांगितलं. त्या पद्धतीत आईवडिलांनाही बदलावं लागतं, म्हणून ती अवघड जाते.

मला न्यू जर्सीहून, टेक्सासहून मराठी घरांतून फोन येतात. ‘‘ताई, तुमच्या युटात एक शाळा आहे म्हणे, मुलं सरळ करून देतात.’’ इकडे मुलगा गांजा ओढताना सापडलेला असतो, तिकडे मंडळाच्या गणपतीत लोक काय म्हणतील याची धास्ती. नातेवाइकांना ‘बोर्डिंगला घातलाय’ सांगायचं असं आधीच ठरलेलं असतं. मी त्यांना रागावत नाही. रात्र रात्र जागलेली माणसं असतात ती, आणि घर गहाण ठेवून फी भरायला निघालेली असतात. मी इतकंच सांगते की तिथे जाऊन विचारा, रात्री दोन वाजता मुलाला दुखलं तर तपासणारा कोण आहे आणि त्याचं शिक्षण काय? दम्याचा पंप, इन्सुलिन कुणाजवळ असतं? गोळी बदलली तर मला आधी कळवणार का? मुलगा माझ्याशी एकट्याने बोलू शकेल का? न सांगता भेटायला आलो तर चालेल का? शेवटच्या दोन प्रश्नांना ‘उपचारात व्यत्यय येतो’ असं उत्तर मिळालं तर फॉर्मवर सही करू नका.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायचं ते असं, की या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ८७ वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करण्याआधी दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं आणि त्यातला एक तरी मानसोपचारतज्ज्ञ हवा. घरी किंवा वस्तीत राहून होणारे उपचार निष्फळ ठरलेले किंवा उघडपणे अयोग्य असायला हवेत. मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ मुलाजवळ राहायची, आणि पालक पुरुष असला तर मुलीजवळ बाईमाणूस हवं. दाखल केल्याचं ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. ३० दिवस उलटले की मंडळाने फेरतपासणी करायची. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रास या कायद्यात मानसिक आजारातच धरलेले असल्याने व्यसनमुक्ती केंद्रंही यात येतात, आणि नोंदणीशिवाय अशी संस्था चालवणं हा दंडनीय अपराध आहे. एकांतात कोंडायला बंदी आहे. ज्यांच्या ताब्यात मूल आहे त्या संस्थेच्या माणसाने क्रूरपणा केला तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. आई जवळ बसलेली असेल तर पोटदुखीची ‘तक्रार’ अशी नोंद कुणी करणार नाही. म्हणून या कलमातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पालकाने जवळ राहण्याचा नियम, आणि ‘मुलाला सोडा आणि तीन महिने भेटू नका’ म्हणणारं केंद्र नेमका तोच मोडतं.

ज्यांच्या घरी आज हा प्रश्न आहे त्यांनी आधी जिल्हा रुग्णालयातल्या किंवा ससून, केईएम, नायरसारख्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात मुलाला दाखवावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेवर, १४४१६ वर, मराठीत बोलता येतं. केंद्रात मुलाचे हाल होताना कुणाला दिसत असेल, तर मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर, १०९८ वर, कळवावं.

संपादक महोदय, आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘व्यसनी, हट्टी, मोबाइलवेड्या मुलांना निवासी संस्कार, घरून घेऊन जाण्याची सोय’ अशा मजकुराच्या जाहिराती येतात. त्यांत फोन नंबर असतो, पण डॉक्टरचं नाव नसतं आणि नोंदणीही नसते. अशी जाहिरात स्वीकारताना २०१७ च्या कायद्याखालचा नोंदणी क्रमांक मागावा, तो जाहिरातीतच छापावा, आणि तो नसेल तर जाहिरात घेऊ नये, अशी आपल्या जाहिरात विभागाला माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
एक मराठी परिचारिका
सॉल्ट लेक सिटी, युटा (मूळ मिरज, जि. सांगली)